निर्दोष सुटून सहा वर्षं झाली, पोलिसांच्या संगणकात खटला अजून चालूच! पोलीस, कोर्ट, तुरुंग एकमेकांना कळवतात तरी कसं?

बांधावरचा (सातारा)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबला तर सांभाळून घ्या.

२०१४ च्या पावसाळ्यात बांधावरून आमची चुलत भावकीशी बाचाबाची झाली, काठ्या निघाल्या, दोन्हीकडची डोकी फुटली. त्यांनी आमच्यावर फिर्याद दिली, आम्ही त्यांच्यावर. क्रॉस केस म्हणतात तसली. आमच्या बाजूने चार आरोपी: मी, थोरले बंधू, पुतण्या आणि माझा मुलगा. मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा, भांडण सोडवायला आलेला, पण नाव लागलं ते लागलंच. कलमं नेहमीची, ३२४, ३२३, ५०४, ५०६, ३४. मार्च २०१९ मध्ये दोन्ही खटल्यांत सगळे निर्दोष सुटले. पेढे कुणीच वाटले नाहीत, कारण समोरचेही सुटले होते.

आता मुलगा पुण्यात नोकरीला आहे, कंपनी त्याला जर्मनीला पाठवतेय. पासपोर्टच्या चौकशीत पोलिसांचा अहवाल उलटा गेला: 'गुन्हा दाखल, प्रकरण न्यायप्रविष्ट.' ठाण्यात गेलो. (ठाण्याचं नाव घेत नाही. माणसं वाईट नव्हती.) संगणकावर बसलेल्या पोराने स्क्रीन माझ्याकडे वळवली. आमचा गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), चौघांची नावं, दोषारोपपत्राची तारीख, आणि त्याखाली निकालाचा रकाना कोरा. "काका, आमच्याकडं कोर्टाचं काय आलंच न्हाई. कोर्टाची परवानगी आणा, मग पासपोर्ट निघंल."

कोर्टात गेलो. तिथले बाबू म्हणाले, खटला निकाली निघाला, फाइल रेकॉर्डला गेली. जो खटलाच शिल्लक नाही त्यात साहेब परवानगी कुठल्या कागदावर देणार?

म्हणजे कोर्टाच्या लेखी खटला नाही आणि पोलिसांच्या लेखी तो चालू आहे. दोन्ही इमारतींमध्ये संगणक आहेत, एसी आहेत, मधल्या अंतरात माझी एमएटी गाडी फिरतेय. सगळं 'ऑनलाइन जोडलंय' असं पेपरात वाचतो. मग निकाल कोण कुणाला कळवतं? जाणकारांनी सांगावं.

निवृत्त_पैरवी

दादा, तुमचा धागा वाचून हसूही आलं आणि लाजही वाटली, कारण शेवटची सात वर्षं मी हेच काम केलं. कोर्ट पैरवी हवालदार. सातारा जिल्ह्यातच.

सांगतो कसं चालतं. प्रत्येक ठाण्याचा एक माणूस रोज कोर्टात असतो. समन्स-वॉरंट घ्यायचे, बजावून आलेले परत द्यायचे, साक्षीदार हजर झाले का बघायचं, सरकारी वकिलांना फाइल काढून द्यायची, आणि संध्याकाळी निकाल लिहून घ्यायचे. माझ्याकडे लाल कापडी पुठ्ठ्याची लांबडी वही होती, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली, कारण गाडीच्या डिकीत पावसाचं पाणी यायचं. त्यात आर.सी.सी. नंबर (कोर्टातला खटल्याचा नंबर), गु.र.नं., आरोपी, 'निर्दोष' की 'शिक्षा', दंड किती. शेवटी शेवटी पोरं रोजनाम्याचा (कोर्टाच्या रोजच्या नोंदीचा) मोबाइलवर फोटो काढायला लागली, पण वही मी सोडली नाही.

आता मुद्दा. सीसीटीएनएस, म्हणजे पोलीस ठाण्यांची संगणक प्रणाली, तिच्यात सात फॉर्म आहेत. पहिला एफआयआर, दुसरा गुन्ह्याचा तपशील, तिसरा अटक, चौथा जप्ती, पाचवा दोषारोपपत्र किंवा समरी (तपास बंद केल्याचा अहवाल), सहावा कोर्टाचा निकाल, सातवा अपिलाचा निकाल. पहिल्या पाचांवर सगळ्यांचं लक्ष असतं. एफआयआर भरल्याशिवाय नंबर पडत नाही, दोषारोपपत्र वेळेत गेलं नाही तर आरोपी जामिनावर सुटतो आणि तपासी अंमलदाराला जाब द्यावा लागतो. सहावा भरला नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही. अडतं ते तुमच्यासारख्याचं, तेही सहा वर्षांनी. गुन्हे आढावा बैठकीत 'उघड किती, प्रलंबित किती' हे विचारतात. 'सुटलेल्यांचा सहावा फॉर्म भरला का' हे मला तरी कुणी विचारलेलं आठवत नाही.

तुमचा निकाल २०१९ च्या मार्चमधला. इकडे निवडणुकीचा बंदोबस्त, मग बदल्या, मग ऑगस्टात पूर. पैरवीचा माणूस बदलला असणार आणि वही कपाटात. असं झालंच असेल असं म्हणत नाही, पण मला आश्चर्य वाटणार नाही.

चांदोलीचा_वाघ

>> मधल्या अंतरात माझी एमएटी गाडी फिरतेय

😂 हीच ती एकात्मिक यंत्रणा.

विजयनगरचा_वकील (सांगली)

बांधावरचे काका, आधी तुमचं काम, मग गप्पा.

ठाण्यात 'कोर्टाची परवानगी आणा' म्हणाले ती परवानगी वेगळी. पासपोर्ट कायद्याच्या कलम ६(२)(एफ) प्रमाणे फौजदारी खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो, आणि २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेने अशांना कोर्टाच्या आदेशावर तो मिळण्याची सोय केली. ती प्रलंबित खटलेवाल्यांसाठी. तुमच्या मुलाला लागूच नाही, त्यामुळे परवानगीच्या मागे धावू नका. नकला विभागात अर्ज करून निकालपत्राची सही-शिक्क्याची नक्कल काढा. एक प्रत ठाण्यात, एक पोलीस अधीक्षक कार्यालयात, एक पासपोर्ट कार्यालयात, तिन्हीकडून पोच घ्या. अर्जात 'सीसीटीएनएस मध्ये कोर्ट निकालाची नोंद करून मिळावी' असं स्पष्ट लिहा. नुसतं 'नाव काढून टाका' लिहिलंत तर 'नाव काढता येत नाही' असं उत्तर येईल, आणि ते बरोबरच असेल.

आता तुरुंगाची बाजू, कारण हेच दुखणं तिथे जास्त बोचतं. माझ्या एका अशिलाला दुपारी जामीन झाला. जामीनदार, सातबारा, सगळं त्याच दिवशी. रिलीज मेमो (सुटकेचा हुकूम) घेऊन माणूस सांगलीच्या कारागृहात गेला, तर हा कच्चा कैदी आधीच्याच आठवड्यात कोल्हापूरला कळंब्याला हलवलेला. कोर्टाच्या फाइलला ते माहीत नाही, मला माहीत नाही, घरच्यांना तर नाहीच. त्यात शनिवार-रविवार आला. तीन रात्री तो जामीन मिळालेला माणूस आत होता.

यावर सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२३ ला स्पष्ट सांगितलंय: जामीन देणाऱ्या कोर्टाने आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंग अधीक्षकामार्फत कैद्याला पाठवायची, अधीक्षकाने जामिनाची तारीख तुरुंगांच्या ई-प्रिझन्स प्रणालीत भरायची, आणि सात दिवसांत कैदी सुटला नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. त्याआधी मार्च २०२२ मध्ये 'फास्टर' नावाची यंत्रणा आली, सुप्रीम कोर्टाचे आदेश थेट तुरुंगापर्यंत इलेक्ट्रॉनिक मार्गाने पोचवायची. तीही कशामुळे, तर आग्र्याच्या तुरुंगात जामीन मिळूनही तेरा जण अडकून पडल्याची बातमी कोर्टाने स्वतःहून दखल घेतली म्हणून.

आमच्याकडे ईमेल जातो हल्ली, नाही असं नाही. पण तो उघडणारा माणूस रजेवर असला की पुन्हा कुणीतरी गाडीला किक मारतोच.

गावभागातला

वकीलसाहेब, २४ जुलै १९४३ ला वसंतदादा सांगलीच्या तुरुंगातून साथीदारांसह तट ओलांडून गेले तेव्हा कुठला रिलीज मेमो होता? तेवढी एकच सुटका वेळेत झाली म्हणायची.

निवृत्त_पैरवी

गावभागातले, चेष्टा बरी आहे, पण त्या दिवशी त्यांचे दोन साथीदार गोळ्यांनी गेले हो.

गावभागातला

मान्य. शब्द मागे.

मिरज_जंक्शन

मी सरकारी नाही, पण अशाच सरकारी प्रणालींवर कंत्राटाने काम केलंय. दुखणं तांत्रिक भाषेत सांगायचा प्रयत्न करतो, कंटाळा आला तर पुढे जा.

मुंबईवरच्या हल्ल्यानंतर २००९ मध्ये केंद्राने सीसीटीएनएस मंजूर केलं. ते पोलीस ठाण्यांचं जाळं. कोर्टांचं ई-कोर्ट्स त्याआधी, २००७ पासून. तुरुंगांचं ई-प्रिझन्स वेगळं, न्यायवैद्यक प्रयोगशाळांचं वेगळं, सरकारी वकिलांचं वेगळं. हे पाच खांब जोडायला आयसीजेएस आणलं. २०२२ मध्ये त्याच्या दुसऱ्या टप्प्याला ३,३७५ कोटी मंजूर झाले, आणि घोषवाक्य असं की माहिती एकाने एकदाच भरायची, बाकीच्यांनी तीच उचलायची.

कल्पना उत्तम. पण उचलायची कशी? कोर्टात नवीन दोषारोपपत्र आलं की कारकुनाने जिल्हा, ठाणे, गु.र.नं. आणि वर्ष टाकायचं, पोलिसांची माहिती आपोआप समोर येते, ती स्वीकारायची. तिथेच गु.र.नं. आणि कोर्टाचा सोळा अक्षरी खटला क्रमांक, सीएनआर, यांची गाठ बसते. गाठ बसली तर पुढे तारखा आणि निकाल पोलिसांना दिसतात. ती घाईत मारली नाही, खटला हाताने नवा टाइप केला, तर दोन्हीकडे नोंद पूर्ण असते पण एकमेकींना ओळखत नाहीत. जुळ्या बहिणी जत्रेत हरवल्यासारखं.

काकांचा गुन्हा २०१४ चा. एफआयआर हाताने लिहिलेली असेल, नंतर कुणीतरी ती मागाहून संगणकात चढवली. कोर्टात खटला कागदावरून नोंदला. गाठ बसायचा प्रश्नच नाही. मग राहतं नावावर शोधणं. पोलिसांकडे नाव मराठीत, कोर्टाच्या साइटवर बहुतेक इंग्रजीत, पासपोर्टवर इंग्रजीत पण स्पेलिंग तिसरंच. आपल्या जिल्ह्यात नुसतं 'पाटील' टाकून शोधा आणि मग मला सांगा.

म्हणून माझं मत: आणखी एक पोर्टल नको. ती एक गाठ सक्तीची करा. एफआयआर नंबर जोडल्याशिवाय कोर्टात खटला नोंदलाच जाणार नाही असं करा, आणि जुन्यांसाठी एक-एक तालुका घेऊन माणसं बसवा.

विजयनगरचा_वकील (सांगली)

>> एफआयआर नंबर जोडल्याशिवाय कोर्टात खटला नोंदलाच जाणार नाही असं करा

इथे थांबा. खाजगी फिर्यादींना एफआयआर नसते, चेक बाउन्सला नसते. आणि नेट बंद आहे म्हणून दोषारोपपत्र घेतलं नाही, त्यात साठ किंवा नव्वद दिवस उलटले, तर आरोपीला आपोआप जामिनाचा हक्क येतो. तुमच्या सर्व्हरसाठी कायदा थांबत नाही.

मिरज_जंक्शन

बरोबर. मग 'नंतर जोडा' अशी लाल यादी रोज न्यायाधीशांच्या टेबलावर जाऊ द्या. यादी दिसली की माणसं हलतात, एवढा अनुभव आहे.

कोयनाकाठची

सगळे आरोपीबद्दलच बोलताय. मी फिर्यादी होते. चोरीची फिर्याद, आईचे दागिने. दीड वर्ष काही कळलं नाही. मग एक दिवस कोर्टाची नोटीस आली, 'अ' समरी दाखल झाली आहे, काही म्हणणं असल्यास हजर राहा. म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. तो अर्थसुद्धा शेजारच्या मास्तरांनी सांगितला. मधे एक फोन आला असता तर काय बिघडलं असतं?

निवृत्त_पैरवी

ताई, नवीन कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, त्याची तरतूद आहे. १ जुलै २०२४ पासून लागू. कलम १९३ प्रमाणे नव्वद दिवसांत तपास कुठवर आला ते फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं, इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही चालतं. तुमचं प्रकरण आधीचं दिसतंय. आता कुणी कळवलं नाही तर तेच कलम लिहून अर्ज द्या, अंमलदार जागा होतो.

आणि एक राहिलं. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचंय, झडती-जप्तीचं चित्रीकरण करायचंय. म्हणजे प्रयोगशाळेची आणि आमची गाठ आणखी घट्ट होणार. आमच्या काळी व्हिसेरा (मृताच्या आतल्या अवयवांचे नमुने) घेऊन शिपाई एसटीने जायचा, पुण्याला. मांडीवर सीलबंद बरणी आणि शेजारचा प्रवासी विचारतोय, "लोणचं का?" अहवाल यायला महिने, आणि आला तरी तो टपालात कुठल्या ठाण्यात गेला हे शोधण्यात आणखी काही दिवस. एकदा आमचा अहवाल शेजारच्या ठाण्याच्या बारनिशीत (टपालाच्या नोंदवहीत) आवक होऊन पडला होता. त्यांना वाटलं, आमचाच असेल, तपासी अंमलदार येऊन नेईल. तपासी अंमलदार आमचा होता.

शंकेखोर

मी उलट बाजूने विचारतो. तुम्ही सगळे म्हणताय माहिती वाहिली पाहिजे. वाहिली म्हणजे चांगलंच होतं का? आज काकांच्या मुलाची चुकीची नोंद एका ठाण्यात आहे. उद्या सगळं जोडलं की तीच चुकीची नोंद एका बटणावर देशभरच्या ठाण्यांना, तुरुंगांना, प्रयोगशाळांना दिसणार. नाकाबंदीत गाडी अडवली, नाव टाकलं, 'न्यायप्रविष्ट' आलं, की हवालदाराचा आवाज लगेच बदलतो.

आणखी एक. २०२२ च्या ओळख कायद्याने आरोपींचे बोटांचे ठसे, फोटो, बुबुळं वगैरे मापं घेता येतात, ती ७५ वर्षं ठेवायची. त्याच कायद्यात लिहिलंय की आधी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला आणि सगळे कायदेशीर मार्ग संपले, तर मापं नष्ट करायची, कोर्टाने कारण देऊन वेगळं सांगितलं नसेल तर. आता सांगा, तो निर्दोष सुटला हे ठेवणाऱ्याला कोण सांगणार? तोच तुमचा सहावा फॉर्म ना? तो कोरा असेल तर मापं ७५ वर्षं सुखरूप.

विजयनगरचा_वकील (सांगली)

शंकेखोर, शंका वाजवी आहे. यात भर घाला: हायकोर्टाने गुन्हाच रद्द केला किंवा तपासाला स्थगिती दिली, तर तेही ठाण्याला बहुतेक वेळा आरोपीचा वकीलच जाऊन सांगतो. पूर्वी मुंबईहून प्रत आणायला दोन दिवस मोडायचे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, सातारा-सांगली तिकडेच, त्यामुळे अंतर तरी कमी झालं. प्रत मात्र अजून पक्षकाराच्या पिशवीतूनच येते.

पण म्हणून जोडूच नये, हे पटत नाही. चुकीची नोंद जोडलेली नसताना सहा वर्षं कुणाला दिसलीच नाही, म्हणून तर ती राहिली.

शंकेखोर

दिसली ती पासपोर्टच्या वेळी, आणि भोगलं त्या पोराने. दुरुस्तीचा रस्ता आधी बांधा, मग हायवे. ज्याचं नाव आहे त्याला स्वतःची नोंद बघायची सोय कुठे आहे? बँकेचा सिबिल स्कोअर बघता येतो, हे नाही.

मिरज_जंक्शन

हा मुद्दा शंभर टक्के.

संपादक

चर्चा चांगली चालू आहे. कृपया स्वतःचे किंवा दुसऱ्याचे गु.र.नं., खटल्याचे क्रमांक, संपूर्ण नावे इथे टाकू नका. एक प्रतिसाद त्यामुळे काढला आहे.

चांदोलीचा_वाघ

काढलेला प्रतिसाद माझा होता. माहिती आदानप्रदान करायला गेलो आणि अडकलो.

बांधावरचा (सातारा)

अपडेट. तीन आठवडे झाले, म्हणून सविस्तर लिहितो.

वकीलसाहेबांनी सांगितलं तसं केलं. नक्कल मिळायला नऊ दिवस लागले. ठाण्यात पोच घेतली, अधीक्षक कार्यालयात पोच घेतली. निवृत्त_पैरवी यांनी व्यनि (खाजगी निरोप) करून सांगितलं होतं की 'सहावा फॉर्म' हा शब्द तोंडातून जाऊ द्या. गेलो आणि म्हणालो, "साहेब, आयआयएफ सहा राहिलाय." अंमलदाराने मान वर केली आणि खुर्ची दिली. आधीच्या चार फेऱ्यांत खुर्ची मिळाली नव्हती.

संगणकवाल्या पोराने समोरच नोंद केली. तेव्हा कळलं की निकाल गुन्ह्याचा नाही, प्रत्येक आरोपीचा वेगळा भरायचा असतो. मुलाचं झालं. माझं झालं. पुतण्याचं झालं. थोरल्या बंधूंचं नाव यादीत 'उत्तमराव' आणि निकालपत्रात 'उत्तम'. पोरगं थांबलं. "ह्ये त्येच कशावरून?" मी म्हणालो, अरे एकाच आईच्या पोटचे आहोत, मी सांगतो की. ते नाही चाललं. बंधूंचं आधारकार्ड घेऊन परत बोलावलंय. ते बहात्तर वर्षांचे आहेत, पासपोर्ट काढणार नाहीत, पण आता हट्टाला पेटलेत की मला कागदावर निर्दोष मरायचंय.

मुलाची फेरचौकशी झाली, अहवाल सरळ गेला.

काल संध्याकाळी पडवीत बसलो होतो तर फाटकाशी चुलत भाऊ उभा. समोरच्या पार्टीतला. अकरा वर्षांत पहिल्यांदा आमच्या अंगणात. आत ये म्हणालो तर आला नाही, तिथूनच हातातली प्लास्टिकची पिशवी पुढे केली. त्यांच्या निकालपत्राची नक्कल. त्याच्या पोरीच्या नवऱ्याला सरकारी नोकरी लागतेय, चारित्र्य पडताळणीत सासऱ्याचं काही निघेल का अशी त्याला धास्ती. तसं काही नसतं हे मी त्याला सांगितलं, तरी हलेना. म्हणाला, "त्यो कंचा सहा नंबरचा फारम म्हंत्यात, तेवढा आमचाबी भरून घ्यायचा व्हता."

उद्या सकाळी दहाला जातोय. बंधू आणि तो, दोघंही बरोबर. एमएटीवर तिघं बसत नाहीत, म्हणून त्याची गाडी घेणार आहोत.